पुलापलीकडची घरं

संशोधन केंद्रातले लोक बाईंना पाठीमागे ‘पणबाई’ म्हणत, आणि त्यांना ते चांगलं ठाऊक होतं. कुणी आनंदाने सांगत आलं की यंदा लसीकरण वाढलं, तर बाई मान डोलावत आणि म्हणत, ‘‘छान झालं. पण कुठे वाढलं? आणि मोजलं कुणी?’’ सांगणाऱ्याचा चेहरा पडे. गंमत अशी, की जे चिडत तेच लोक आपला लेख कुठे पाठवायच्या आधी गुपचूप बाईंच्या टेबलावर आणून ठेवत.

त्यांची सुरुवात झाली लहान मुलांच्या वॉर्डात, नर्स म्हणून. जन्मून चार-पाच दिवस झालेली बाळं तिथे यायची ती गार पडलेली, मान टाकलेली. डॉक्टर तपासत आणि म्हणत, ‘‘दोन दिवस आधी आणलं असतं तर.’’ हे वाक्य ऐकून ऐकून बाईंचे कान किटले. नोकरी सांभाळून त्यांनी संध्याकाळच्या वर्गांना जाऊन सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली आणि त्याच रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात रुजू झाल्या. केंद्र म्हणजे धुलाईघराच्या वरच्या दोन खोल्या. खालच्या वाफेने फरशी कायम कोमट आणि कागद कायम दमट.

तिथेच त्यांनी संचालकांपुढे एक कल्पना मांडली. आयांनी बाळ घेऊन यायची वाट बघण्यापेक्षा आपणच पहिल्या आठवड्यात त्यांच्या घरी गेलो तर? आजार लवकर कळतो का, बाळं वाचतात का, ते नीट तपासून बघू. संचालकांनी ती कल्पना एका परदेशी विद्यापीठातल्या प्राध्यापिकेला कळवली, तिने उचलून धरली, आणि अभ्यास उभा राहिला.

प्रश्न तिकडून तयार होऊन आले. त्यातला एक होता, ‘बाळ पुरेसं दूध पितं का?’ वॉर्डातल्या मुख्य नर्सबाईंनी तो वाचला आणि त्यांना हसू आवरेना.

‘‘कुठली आई म्हणेल की मी माझ्या बाळाला उपाशी ठेवते? सगळ्या ‘हो’च म्हणणार.’’

‘‘मग कसं विचारायचं?’’ बाईंनी विचारलं.

‘‘सकाळपासून किती वेळा प्यायलं, ते विचारायचं. आणि कालच्यापेक्षा कमी वाटतं का.’’

दोघींनी बसून सगळे प्रश्न नव्याने मांडले, घरोघर जाऊन ते विचारून पाहिले, कार्यकर्त्या शिकवून तयार केल्या. गाडी कुठल्या वस्तीत कधी जाणार इथपासून आजारी बाळाला रुग्णालयात कसं आणायचं इथपर्यंत सगळं बाईंनी बसवलं. काम रुळलं. आणि मग पावसाळ्यात नदीवरच्या पुलाचा एक खांब खचला. वाहतूक बंद झाली. पलीकडच्या वस्त्यांना जायचं तर दिवस मोडायचा, म्हणून तिथल्या बाळंतिणींना फोन करायचं ठरलं. पूल दुरुस्त होईपर्यंत तसंच चाललं. कार्यकर्त्यांनी प्रत्येक नोंदीत स्पष्ट लिहिलं, घरी गेलो की फोन केला. लपवाछपवी कुणीच केली नव्हती.

अभ्यास संपला, आणि काही महिन्यांनी परदेशी विद्यापीठातून लेखाचा मसुदा आला. बाईंनी तो घरी आणला आणि भाजी निवडता निवडता वाचू लागल्या. निकाल उत्तम होता. पण एका वाक्यापाशी त्या अडखळल्या: ‘अभ्यासातल्या प्रत्येक घरी प्रशिक्षित कार्यकर्ती स्वतः गेली.’ तिकडे आकडेवारी जुळवताना कुणीतरी फोन आणि भेटी एकाच रकान्यात टाकल्या होत्या. पूल खचल्याचा उल्लेखच नव्हता.

मग त्यांनी वरची नावं पाहिली. प्राध्यापिका, तिचे दोन सहकारी, संचालक, आणि आरोग्य खात्याचे प्रमुख, ज्यांनी केंद्राचा जिनाही कधी चढला नव्हता. बाईंचं नाव अगदी शेवटी, आभारांत. मुख्य नर्सबाईंचं तिथेही नव्हतं.

सासूबाईंनी चष्म्यावरून बघितलं. ‘‘काय गं, चेहरा का उतरला?’’

‘‘माझं नाव आभारांत घातलंय, आई. ड्रायव्हरच्या शेजारी.’’

‘‘ड्रायव्हर चांगला माणूस आहे.’’

‘‘तो चांगलाच आहे. पण हा अभ्यास त्याने आखलेला नाही.’’

‘‘मग सांग की तसं. इथे माझ्यापुढे भाजीचे हाल करून काय होणार?’’

दुसऱ्या दिवशी बाई संचालकांकडे गेल्या. संचालक वाईट माणूस नव्हते. केंद्र टिकवण्यासाठी त्यांनी आयुष्यभर दारं झिजवली होती, आणि एवढा मोठा लेख पहिल्यांदाच हाताशी आला होता. बाईंचं ऐकून त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

‘‘नावाचं तुमचं बरोबर आहे, बाई. ती माझी चूक. मी तुमचं नाव वर घ्यायला लावतो. पण ते फोनचं आता उकरून काढू नका. निकाल ढिला पडेल आणि मोठं नियतकालिक हात लावणार नाही.’’

 खरं सांगायचं तर बाईंना मोह झाला. नाव मिळणार होतं, तेही न भांडता.

‘‘सर, माझं नाव त्या वाक्याच्या वर येणार असेल, तर ते वाक्य मला खोडावंच लागेल,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आणि नाव येणार नसेल, तरीही.’’

संचालकांनी खुर्ची मागे सरकवली. बोलणं तिथेच संपलं.

बाईंना वेगळीच काळजी होती. दोन्ही गोष्टी एकदम काढल्या, तर लोक म्हणणार की नाव नाही मिळालं म्हणून खुसपट काढलं. घरी नवऱ्याने विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘अहो, आधी पूल. नावाचं मागाहून बघू. त्यात नाव गेलं तर गेलं.’’ नवरा शाळेत भूमिती शिकवायचा. सिद्धता मधूनच सुरू करता येत नाही, एवढं त्याला पटत होतं.

मसुद्यावर बोलायला प्राध्यापिकेने बोलावलेल्या स्क्रीनवरच्या बैठकीत बाईंनी पाठ केल्यासारखं बोलायला सुरुवात केली. पूल केव्हा खचला, कुठल्या वस्त्या पलीकडे राहिल्या, नोंदी कशा केल्या, ते सगळं सांगितलं. ‘‘ठरलं होतं एक आणि प्रत्यक्षात झालं दुसरं, तर ते लेखात लिहावं लागतं. का बदललं तेही लिहावं लागतं. हे नियम जगभर सगळ्यांनी मान्य केलेत, मी माझ्या मनाने काही सांगत नाही. वाचणारा आपल्या भरवशावर उद्या त्याच्याकडे हेच काम सुरू करणार आहे.’’

प्राध्यापिकेने मसुदा उघडून ते वाक्य पुन्हा वाचलं. मग म्हणाली, ‘‘फोनचं मला कुणी सांगितलंच नव्हतं.’’

‘‘मसुदा आधी आम्हाला दाखवला असता, तर सांगितलं असतं,’’ बाई म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, पण लागायचं तिथे लागलं.

आकडेमोड पुन्हा झाली, फोन वेगळे आणि भेटी वेगळ्या धरून. भेटींनी फायदा होत होता, पहिल्या मसुद्यात एकूण दाखवला होता त्याहून थोडा जास्तच. फोनने जवळजवळ काहीच होत नव्हतं. निकाल मात्र पहिल्याइतका झळाळता राहिला नाही, कारण भेटी झालेली घरं आता कमी उरली होती आणि आकड्यांची खात्री तेवढी कमी झाली होती.

मग पुढच्या बैठकीत बाईंनी नावांचा विषय काढला. भांडण नको म्हणून त्यांनी सोपी युक्ती केली. ‘‘प्रत्येकाने आपण काय केलं ते एका वाक्यात सांगू या. आणि उद्या कुणी आक्षेप घेतला तर आपण कशाचं उत्तर देऊ, तेही.’’

एकेक जण बोलला. खातेप्रमुखांच्या वतीने त्यांचे सचिव बसले होते. ते घसा साफ करून म्हणाले, ‘‘साहेबांनी परवानगी दिली.’’

‘‘आणि आक्षेप आला तर?’’ बाईंनी अदबीने विचारलं.

सचिवांनी थोडा विचार केला. ‘‘तर साहेब तुम्हाला विचारतील.’’

कुणी हसलं नाही, पण दोन कॅमेरे अचानक बंद झाले.

प्राध्यापिका सहजासहजी बधली नाही. नावांचा क्रम सुरुवातीलाच ठरला होता, असं ती म्हणत राहिली, आणि पहिलं नाव तिने आपलंच ठेवलं. दुसरं बाईंचं आलं. मुख्य नर्सबाई चौथ्या आल्या. नवा मसुदा त्यांनी दोनदा वाचून दुरुस्त्या सांगितल्या होत्या, त्यामुळे त्यावर कुणाला बोट ठेवता येईना. खातेप्रमुख आभारांत गेले.

याची किंमत बाईंनी मोजली. मोठ्या नियतकालिकाने लेख परत पाठवला, आणि तो एका लहान नियतकालिकात आला. खातेप्रमुखांनी बाईंची बढती दोनदा अडवली. संचालक वर्षभर कामापुरतंच बोलले. बाईंनी त्याचं रडगाणं कुठे गायलं नाही. घरी सासूबाईंपाशी काय बोलल्या असतील तेवढंच.

पुढच्या वर्षी एका दूरच्या देशातून फोन आला. तिथला एक आरोग्य अधिकारी होता. त्यांच्याकडे घरभेटी बंद करून नुसते फोन करायचा बेत चालला होता, आणि त्याने हा लेख वाचला होता.

‘‘फोनचं वेगळं लिहिलंत म्हणून विचारतोय. आमच्या रस्त्यांची अवस्थाही तशीच आहे,’’ तो म्हणाला.

बाईंनी मुख्य नर्सबाईंना वॉर्डातून बोलावून घेतलं. दोघींनी मिळून त्याला सगळं सांगितलं: काय जमलं, काय फसलं, आयांना काय विचारायचं. बोलणं इतकं लांबलं, की वॉर्डातून नर्सबाईंना दोनदा निरोप आला. फोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘त्याने मला नावाने विचारलं, बघितलंत ना?’’ तिकडे भेटी चालू राहिल्या की नाही ते पक्कं कळलं नाही. काही जिल्ह्यांत राहिल्या, एवढं ऐकू आलं.

संचालक निवृत्त झाले तेव्हा नवा संचालक कोण, असं वरून विचारलं गेलं. एकेकाळी वर्षभर कामापुरतंच बोललेल्या त्या माणसाने एकच नाव कळवलं, आणि का, तेही मोकळेपणाने लिहिलं. बढती अडवणारे खातेप्रमुख एव्हाना बदलून गेले होते.

बाई आता त्या खोल्यांच्या प्रमुख आहेत. केंद्राचे लेख उशिरा निघतात अशी तक्रार असते, आणि ती खरी आहे. मागे एका तरुण डॉक्टरने कावीळ झालेल्या बाळांवरचा आपला लेख आणून दिला. रिवाज म्हणून शेवटी बाईंचं नाव घातलं होतं.

‘‘यात मी काय केलं?’’

तो गोंधळला. ‘‘बाई, तुम्ही… तुम्ही धीर दिलात.’’

‘‘धीर आभारांत जातो,’’ बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पेनने आपलं नाव खोडलं. मग लेख पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. तिसऱ्याच ओळीला त्या थांबल्या. ‘‘बस जरा. ही मुलं निवडली कुणी, आणि कशी?’’

त्याने खुर्ची ओढली आणि सांगायला सुरुवात केली.