माझी मिश्री कशी सुटली

माझं माहेर मुरगूडचं. तिथं बारा वर्षांची असताना मी आईच्या डबीत बोट घातलं आणि लग्न होऊन कोल्हापुरात आले, तेव्हा ती सवयही माझ्यासोबत नांदायला आली. तंबाखू तव्यावर काळीकुट्ट होईस्तोवर भाजायची, कुटून वस्त्रगाळ करायची आणि बोटानं दातांना लावत बसायचं, ही मिश्री. दात घासणं हे नुसतं निमित्त. सकाळी लावल्याशिवाय पोट साफ व्हायचं नाही, दुपारी लावल्याशिवाय जेवण उतरायचं नाही आणि राग आला की तर लावायलाच हवी. मला राग फार यायचा.

नव्वदीच्या दशकाच्या शेवटी एका उन्हाळ्यात आमटीचा घास घेतला की गालाच्या आत आग व्हायला लागली. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, मला दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. बॅटरी मारून डॉक्टर म्हणाले, "पांढरा चट्टा आहे. मिश्री सोडलीत तर जाईल बहुतेक. नाही सोडलीत तर याचा कॅन्सर होऊ शकतो." मी तिशीचीही नव्हते. पोरगी बालवाडीत होती. परत येताना बसमध्ये मी खिडकीकडं तोंड करून रडले.

दुसऱ्याच दिवशी मी डबी मोरीत रिकामी केली. तिसऱ्या दिवशी डोकं फुटायची वेळ आली. नवरा शिरोलीला फौंड्रीत कामाला. त्याचा जेवणाचा डबा मी इतक्या जोरात आपटला की झाकण बसेना. चौथ्या दिवशी आत्तींच्या डबीला हात लावायचं धाडस झालं नाही, म्हणून शेजारणीपुढं हात पसरला. आमच्या गल्लीत मिश्री मागितली की बाई नाही म्हणत नसे. दारात आलेल्या सवाशिणीला कुंकू नाकारत नाहीत, तसंच ते. मग काय, या घरी चिमूट, त्या घरी चिमूट. आधीपेक्षा जास्तच व्हायला लागली.

आत्तींना हे कळलं. त्यांनी चपला घातल्या आणि घरोघरी ठणकावून आल्या, "माझ्या सुनंच्या तोंडात चट्टा हाय. तिला मिश्री दिली तर माझ्याशी गाठ हाय!" गल्लीभर बभ्रा झाला. मी नुसती पेटले. "चारचौघीत माझी अब्रू घालवलीसा की!" म्हणून त्यांच्या अंगावर ओरडले.

"अब्रू जाऊ दे," त्या म्हणाल्या. "तू ऱ्हा म्हंजे झालं."

त्या दिवसापासून मी दिसले की बायका डबी पदराखाली सारायच्या आणि भाजीच्या भावाबद्दल बोलायला लागायच्या. तेव्हा मला त्यांचा संताप यायचा. आज त्यातल्या एकेकीचे उपकार आठवतात.

त्याच दिवशी संध्याकाळी आत्तींनीच एक डबी माझ्यापुढं ठेवली. "एकदम न्हाय सुटायची तुझ्यानं. ही लाव, पर हीच. भरनार मी." शेणीची राख वस्त्रगाळ करून, मीठ आणि लवंग घालून त्यांनी राखुंडी केली होती आणि तिच्यात मिश्री मिसळली होती. उरलेली मिश्री त्या शेजारणीकडं ठेवायच्या, माझ्यावर काडीचा विश्वास नव्हता. दर रविवारी बाजार करून आल्या की डबी नव्यानं भरायच्या, आणि दर वेळी राख थोडी वाढवायच्या.

वेळाही त्यांनीच तोडल्या. आधी दुपारची. त्या वेळेला मला समोर बसवून मेथी निवडायला लावायच्या, मेथी संपली की शेंगा फोडायला. हात मोकळा म्हणून राहू द्यायच्या नाहीत. मग सकाळची. पोटासाठी तांब्याभर कोमट पाणी आणि मैदानाला दोन फेऱ्या, सोबत त्या स्वतः. माझी कुरकुर चालूच असायची, पण त्या कान देत नसत. रागाच्या वेळची सगळ्यात शेवटी सुटली. माझा हात डबीकडं गेला की त्या म्हणायच्या, "मिश्री नगं, माझ्यासंगं भांड." आणि खरंच पदर खोचून भांडायला बसायच्या.

दिवाळीच्या तोंडावर मी विचारलं, "आत्ती, आता यात मिश्री किती नि राख किती?"

"मिश्री कवाच संपली," त्या म्हणाल्या. "म्हैना झाला, नुसती राख लावतीयास की."

डॉक्टरांनी पुन्हा बॅटरी मारली, बराच वेळ पाहिलं. चट्टा गेला होता. मी सगळी हकीकत सांगितली तेव्हा ते खूश होऊन म्हणाले, "आजी, आता तुमचं तोंड बघू. तुम्हीही लावताच ना?"

"सोडली," आत्ती म्हणाल्या. "हिची पयली डबी भरली, त्याच दिशी."

"एकदम?"

"मग? घरात माझी डबी ऱ्हायली असती तर हिनं त्यातली घेतली नसती व्हय?"

चाळीस वर्षांची सवय. रोज सकाळी त्या माझ्या शेजारी बसून दातांवरून बोट फिरवायच्या, ती निव्वळ राख होती, आणि मला पत्ता नव्हता. त्या पहिल्या आठवड्यात त्या डोक्याला फडकं बांधून भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. ऊन लागलंय म्हणाल्या. आणि स्वयंपाक एकटीच्या गळ्यात पडला म्हणून मी भांडी आदळत होते. माझी सवय त्यांनी चिमटीचिमटीनं सोडवली. त्यांच्यासाठी डबी भरायला कुणी नव्हतं.

तिथंच, डॉक्टरांच्या समोर, मी त्यांच्या पायांना मिठी मारली. त्यांनी मला खांद्याला धरून उभं केलं. "ऊठ," म्हणाल्या, "बस चुकंल."