बुडालेल्या गावची भुतं

स्वारगेटहून भोरची एसटी सुटली तेव्हा कादंबरी निम्मी झाली होती. शिवरे मागे पडता पडता ती संपली आणि मी ती पिशवीत अक्षरशः कोंबली. गोष्ट एका अंधाऱ्या महानगराची. धरणात बुडालेल्या खेड्यातली माणसं मरून पिशाच्चं होतात, शहराच्या गटारांत राहतात, लेकरं ओढून नेतात. शेवटी देखणा नायक त्या सगळ्यांना जाळतो आणि शहराचा राजा होतो.

भोरला शमीम स्टँडवर आली होती. कॉलेजातली मैत्रीण, आता इथे कोर्टात कारकून. तिच्याकडे गरम भात आणि सुकटीची चटणी खाताना मी लेखकावर यथेच्छ तोंडसुख घेतलं.

"भुतांची गोष्ट ती, इतकं काय मनावर घेतेस?" शमीम म्हणाली. "उद्या वेल्ह्याला जाऊ. डोकं शांत होईल."

दुसऱ्या दिवशी नसरापूरला पुढची एसटी चुकली. उन्हात ताटकळलो, मग वडाप (माणसं कोंबून नेणारी जीप) मिळालं. तोरणा समोर आला. वेल्ह्यापुढे धरणाच्या काठी एका टपरीवर चहा घ्यायला थांबलो. टपरी पार्वताबाईंची.

"गाव इथलंच का, आजी?"

"व्हय. त्ये तिकडं, पान्याखाली."

माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या मुखपृष्ठाकडे त्यांचं लक्ष गेलं. "ह्ये कसलं चित्र?"

मी चाचरत गोष्ट सांगितली. त्यांनी स्टोव्ह बारीक केला.

"गटारात ऱ्हात्यात व्हय?"

"पुस्तकात."

"माजा ल्योक पुन्यात गटारं साफ करतो. आत उतरतो. हितं रान गेलं, मग काय करनार? त्याला बी जाळला म्हना की."

"आजी, ते सगळं खोटं आहे."

"खोटंच लिवायचं तर आमचंच गाव कशाला घ्यायचं?"

शमीमने चहाचे पैसे दिले. परतताना जीपमध्ये ती एकदम म्हणाली, "कालचं माझं बोलणं विसर."

पुण्यात उतरून कादंबरी परत द्यायला मी थेट वाचनालयात गेले. "दुसरा भाग आलाय," ग्रंथपाल म्हणाले, "ठेवू का तुमच्यासाठी?"

"नको."

"फार भीती वाटली?"

भीतीला माझी हरकत नाही. लहानपणापासून मी भुतांवरच वाढले. पण ज्यांना आपण घरातून उठवलं, त्यांनाच भूत करून आपल्याला घाबरवायचं, आणि त्यांना जाळणाऱ्यासाठी टाळ्या मागायच्या?

"नाही," मी म्हणाले. "राग आला."

ते हसले. मला हसू आलं नाही.