कागदावरची आडवी रेघ

त्या सकाळी मत्स्योदरी देवीच्या पायऱ्यांकडे मी रागातच निघालो होतो. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला मोठा भक्त समजणार नाही. अंबडजवळच्या आम्ही अकरा मोसंबीवाल्यांनी मिळून एक गट केला होता. मी त्यातला जरा शिकलेला, म्हणून लिहिण्यावाचण्याचं काम माझ्याकडे. दोन वर्षं हेलपाटे घालून आम्ही पहिल्यांदाच माल बोटीने दुबईला पाठवत होतो. त्यासाठी मुंबईहून रीफर आला होता, म्हणजे आतून फ्रीजसारखा थंड राहणारा, ट्रेलरवरचा मोठा लोखंडी कंटेनर. फळ आधी आमच्या शेडमधल्या थंड खोलीत गार करायचं आणि मगच त्यात भरायचं, असा नियम. पण नेमकी गाडी भरायच्या आदल्या रात्री वीज गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आली नाही. थांबलो असतो तर बोट चुकली असती, म्हणून मार्चच्या उन्हाने तापलेली मोसंबी तशीच भरावी लागली. संध्याकाळी गाडी हलली तेव्हा बाकीचे नारळ फोडत होते आणि मी मनातल्या मनात देवीशी भांडत होतो. इतकी वर्षं तुझं करतोय, आणि एक दिवस वीज टिकवता आली नाही तुला?

सकाळी बायकोने ताट तयार करून हातात दिलं. गाडीबरोबर दिलेल्या सूचनांच्या कागदाची कार्बनकॉपी तिने त्यात नारळाशेजारी ठेवली होती. पहिल्या गाडीचा कागद देवीपुढे ठेवीन असं तिने कबूल केल्तं म्हणे. माझं तोंड पाहून ती एवढंच बोलली, "रागानं जायचं तं रागानं जा. पण जा."

पायथ्याशी चपला काढताना वारा आला, ताटातला कागद उडाला आणि खालच्या पायरीवर बसलेल्या एका बाईंच्या पायाशी जाऊन पडला. साठीच्या असतील, पांढरी साडी, जाड भिंगांचा चष्मा. त्यांनी कागद उचलला, मांडीवर ठेवून हाताने सपाट केला आणि परत देण्याआधी सवयीने वरपासून खालपर्यंत वाचला.

"मासे पाठवता का तुम्ही?" त्यांनी विचारलं.

मला राग आला. मोसंबी आहे, वरच लिहिलंय, असं मी जरा तोडूनच म्हणालो.

"मंग उणे पाच कशाला?"

मी कागद हिसकावल्यासारखा घेतला. माझंच अक्षर. शाळेपासूनची सवय, शब्द लिहायचा, पुढे एक आडवी रेघ ओढायची आणि मग उत्तर. माल, रेघ, मोसंबी. तापमान, रेघ, पाच. बाकी सगळीकडे ती नुसती रेघ होती. पाचाच्या आधी मात्र ती वजाची खूण झाली होती. हाच कागद हातात धरून ड्रायव्हरने मशीनची बटणं दाबलेली मी स्वतः पाहिली होती. त्याची आधीची खेप मासळीची होती, त्याला उणे आकड्याचं काय नवल वाटणार? मशीनवर काय आकडा उमटला ते बघायला मी पुढे झालोच नव्हतो. माझं सगळं चित्त विजेच्या रागात गुंतलं होतं.

हातातलं ताट मी कधी खाली ठेवलं ते आठवत नाही. गोठलेली मोसंबी वरून छानच दिसते, पण एकदा वितळली की आतून मऊ पडते आणि कडू होते. ती दुबईत उतरेल, तिथला व्यापारी एक फळ कापेल, आणि अकरा घरांची दोन वर्षांची मेहनत माझ्या एका रेघेपायी कचऱ्यात जाईल. गाडी निघून चौदा तास झाले होते. मोबाईल तेव्हा आमच्यात कुणाकडे नव्हते, ड्रायव्हरकडेही नव्हता.

मी तुटक तुटक सांगितलं ते बाईंनी ऐकलं आणि उठल्या. "बसून काय होणार? फोन कुठंय ते सांगा."

बसस्टँडसमोरच्या एसटीडी बूथवर त्याच मला घेऊन गेल्या. मुंबईच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात घंटी वाजत राहिली, कुणी उचलेना. ऑफिस उघडायला दोन तास होते. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. बाई निवृत्त शिक्षिका होत्या. मी देवीला दिलेल्या शिव्याही त्यांना सांगून टाकल्या आणि म्हणालो, तिनेच तुम्हाला तिथं बसवलं असेल. त्या हसल्या. "मी तुमच्या देवीला येत न्हाई. आम्ही बुद्धवंदनेला बसणारी माणसं. शेजारणीचे गुडघे दुखतात, म्हणून हात धरून आणलं तिला. मी फक्त वाचलं." थोड्या वेळाने ती शेजारीण लंगडत, शोधत आली, सगळं ऐकून माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि तीही बाकावर बसली. त्या दोघींमध्ये बसून मी काहीतरी मागायचा प्रयत्न केला, पण मागणं सुचेना. तुला दिसेल तसं कर, एवढंच मनात आलं. असं मी त्याआधी कधी म्हटलं नव्हतं.

दहाला फोन लागला. तिथल्या कारकुनाने बंदरावरच्या यार्डात चौकशी केली. गाडी नुकतीच पोचली होती आणि मशीन उणे पाचवरच होतं. त्यांनी ते लगेच अधिक पाचवर आणलं. पण आतल्या फळाचं काय झालंय ते दुपारी कस्टमच्या तपासणीला दार उघडल्याशिवाय कळणार नव्हतं. बाई दुपारपर्यंत हलल्या नाहीत.

दोनच्या सुमाराला बूथवाल्याने मला हाक मारली, कारकुनाचा फोन होता. कंटेनरमधल्या थंड हवेच्या पंख्यासमोरची तीन खोकी गोठली होती, ती बाजूला काढली. बाकी ठिकठिकाणी फळात तापमापकाची सुई घालून पाहिलं, सगळी नीट होती. मग कारकुनाने विचारलं, "माल गरम भरला होता का तुम्ही?" मी घाबरतच हो म्हणालो. "म्हणून वाचला. आधी गार केलेला असता तर रात्रीत दगड झाला असता."

ज्या गोष्टीसाठी मी देवीशी भांडलो होतो, तीच तो माणूस मला वाचल्याचं कारण म्हणून सांगत होता. सकाळी ती रेघ पाहून बसला नव्हता एवढा धक्का मला आता बसला. तेवढ्यात तो पुढे म्हणाला, ड्रायव्हरने चुकीचं सेटिंग केलं, त्याला आज कामावरून काढतोय. खोटं कशाला सांगू, क्षणभर मला मोह झाला. ती नुसती रेघ होती, असं म्हणून सुटता आलं असतं. काचेतून मला बाकावरच्या बाई दिसत होत्या.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "कागद मी लिहिलाय. त्या माणसाला काढू नका."

संध्याकाळी शेडमध्ये सगळ्यांना बसवून मी तोच कागद दाखवला. मग आमच्यातले सगळ्यात वडीलधारे रामभाऊ, ज्यांच्या बागेतला माल त्या गाडीत सगळ्यात जास्त होता, ते म्हणाले, "पुढच्या गाडीचा कागद बी तुम्हीच लिव्हा. फक्त त्या बाईंना वाचू द्या."

माल दुबईत चांगला उतरला. पुढची सहा वर्षं, बाईंची नजर साथ देत होती तोवर, आमचा प्रत्येक कागद त्यांच्या ओसरीवरून गेला. त्या वाचायच्या, चष्मा काढायच्या आणि "बराबर आहे" म्हणायच्या. देवीचं नाव काढलं की मला चहा प्यायला सांगून विषय बदलायच्या. त्यांना जे पटत नव्हतं ते मी पटवायला गेलो नाही. मला त्या दिवशी जे मिळालं ते त्यांच्याच हातून मिळालं, आणि त्यासाठी देवीचे आणि त्यांचे, दोघींचे आभार मी रोज मानतो. मागणं माझं अजून सुटलेलं नाही, देवीपुढे उभा राहिलो की काही ना काही मागतोच. पण ते तिने कसं द्यावं, हे सांगणं मी सोडलं आहे.