डाव्या बटणातली पाचर

आमच्या कारखान्यातला हा प्रेसवाला प्रत्येक वाक्य ‘व्हय’ने सुरू करतो आणि डावा हात खिशातून बाहेर काढत नाही. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस चालत नाही. माल लवकर निघावा म्हणून साहेबांनीच डाव्या बटणात लाकडी पाचर ठोकायला लावली. मोकळा राहिलेला तो हात प्रेसखाली सापडला आणि चार बोटं गेली. ‘पाचर कामगाराने स्वतःहून ठोकली,’ असा अहवाल साहेबांच्या सांगण्यावरून मी, ऑफिसातल्या कारकुनाने, लिहिला.

त्याला हे ठाऊक नाही; गावाहून, आगरदांड्याहून येताना तो माझ्यासाठी सुकट आणतो. परवा भरपाई नाकारल्याचं इंग्रजी पत्र माझ्याकडून वाचून घ्यायला आला. त्यात माझंच वाक्य होतं. मी म्हणालो, “कारण दिलेलं नाही.”

“व्हय, मंग परत अर्ज करू. तुम्हीच लिवा, भाऊ. दुसऱ्या कुनावर माझा भरोसा न्हाय.”