बाबागाडीखालचं लिंबू

बाबागाडी मी माझ्यासाठी घेतली. नातवासाठी घेतली असं घरात सगळे समजले, आणि मीही त्यांना तसं समजू दिलं.

नातू वर्षाचा झाला होता आणि अंगानं चांगला भरला होता. सून बारामतीत पतसंस्थेत कामाला आणि मुलगा लोणी देवकरच्या कारखान्यात, त्यामुळे पोर दिवसभर माझ्या कडेवर. संध्याकाळी आईबाप घरी आले तरी ते कडेवरून उतरायचं नाही. "त्याला आजीच लागते," असं सगळे कौतुकानं म्हणायचे. बाईला कामाला जुंपायचं असलं की आमच्याकडे आधी तिचं कौतुक करतात. सकाळ-संध्याकाळ गाईंचं दूध काढून माझी मनगटं आधीच धरलेली, त्यावर हे कौतुक.

अशात केरळला जायचं ठरलं, आणि तेही विमानानं. नवऱ्याला एकदा विमानात बसायचं होतं, मुलाला फोटो काढायचे होते. मला समुद्र बघायचा होता, आणि तो रिकाम्या हातांनी बघायचा होता. दोन्ही हात मोकळे सोडून पाण्यात उभं राहायचं, एवढीच माझी सहल. त्यासाठी पोराला बसायला दुसरी जागा हवी होती. म्हणून बारामतीला जाऊन मी घडीची बाबागाडी आणली. दुकानदारानं ती मिटून दाखवली. खालचं बटण दाबायचं, मधला पट्टा वर ओढायचा, झालं.

आमच्या गावी, पणदऱ्यात, गाडी अंगणात उतरवली तसा चुलत दीर कुंपणापलीकडून ओरडला, "वहिनी, शेळीला आनली का काय?"

"न्हाय भावजी, तुमाला. दारू पिऊन पडला की घरी आनाया."

तो कुंपणापासून मागे सरला. पण घरातल्यांची तोंडं बंद करणं तितकं सोपं नव्हतं. सासूबाई गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, "पाय फुटायच्या आत पोराला चाकं लावली. आमी काय पोरं वाढवली न्हाईत?"

त्यांनी खरंच वाढवली नव्हती. माझा नवरा त्याच्या आत्यानं वाढवला, हे त्या स्वतःच सांगतात.

निघायच्या दिवशी सकाळी, घर राखायला मागे राहणाऱ्या सासूबाई ताट घेऊन बाहेर आल्या. नवीन चाकाची वस्तू पूजेशिवाय वेशीबाहेर जात नाही, मग तो ट्रॅक्टर असो नाहीतर सायकल. नवऱ्यालाही ते पटलं. त्यानं गाडीच्या दांड्याला झेंडूचा हार घातला. छत्रीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, ते आजही निघालेलं नाही. नारळ फोडला आणि पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. चालत्या चाकाखाली लिंबू फुटलं पाहिजे. नवऱ्यानं गाडी ढकलली तर ती लिंबावर चढली आणि पलीकडे उतरली, लिंबू तसंच गोल. मागे आणली, पुन्हा ढकलली. लिंबू घरंगळत कोंबड्यांत गेलं.

"पोराला बसवा आत, वजन पडंल," सासूबाई म्हणाल्या.

पोराला बसवलं. तरी फुटेना. शेवटी नवऱ्यानं इकडेतिकडे बघून चपलेच्या टाचेनं लिंबू चिरडलं आणि "फुटलं" असं जाहीर केलं. मग बायंडिंग वायर आणि पकड आणली, तारेत लिंबू-मिरची ओवली आणि गाडीच्या मधल्या सांध्याला पिळून पिळून बांधली. "ट्रॅक्टरची आठ म्हैनं टिकती," म्हणाला.

पुण्याच्या विमानतळावर ती तासभरही टिकली नाही. तपासणीच्या ठिकाणी वर्दीतल्या बाईंनी लिंबाकडे बोट दाखवून हिंदीत विचारलं, हे काय आहे?

"नजर नहीं लगनेका," नवरा म्हणाला.

बाईंनी लिंबू आणि मिरच्या ओढून काढल्या. तारेचं वेटोळं सांध्यावर तसंच राहिलं. त्याआधी सामान देताना तिथल्या मुलीनं सांगितलं होतं की गाडी विमानाच्या दारापर्यंत न्या, तिथे ती घेतील आणि उतरल्यावर परत देतील. नवऱ्याचा त्यावर विश्वास नव्हता. "दारातच काढून घेत्यात आन् परत देत्यात व्हय? यष्टीच्या टपावर टाकलेलं पोतं तरी परत मिळतंय का?"

विमानतळावर चालायला लांब होतं. मला वाटलं, आता गाडीचं खरं काम सुरू होईल. झालं भलतंच. मुलानं खांद्यावरची बॅग गाडीत ठेवली. सुनेनं पर्स ठेवली. नवऱ्यानं दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीची पिशवी ठेवली, वर स्वतःची टोपी. पोराला बसायला जागा उरली नाही तेव्हा मुलानं त्याला उचललं आणि अगदी सहज माझ्याकडे दिलं. "आई, त्याला विमानं दाखव."

पोरासाठी आणलेल्या गाडीत पोर सोडून सगळं होतं. तिघं मोकळ्या हातांनी पुढे चालले होते आणि मी मागून पोराला विमानं दाखवत होते. मनगट ठणकत होतं. यासाठी घरून निघायची काही गरज नव्हती, पणदऱ्यात मी त्याला गाई दाखवतेच.

विमानाच्या दाराशी गाडी मिटायची वेळ आली. बॅगा खाली उतरल्या. मुलानं बटण दाबलं, काही झालं नाही. नवरा म्हणाला, "सरक, मी ट्रॅक्टरचं गिअर खोललेला मानूस हाय," आणि त्यानं गाडीला वरून दोन तळहात मारले. गाडी उभीच. मागे रांग तटली होती. मुलगा फोनवर गाडी मिटायचा व्हिडिओ शोधायला लागला. सून त्याचा दंड ओढत होती. मला तार दिसत होती. सांधा तारेनं आवळला होता, गाडी मिटणार कशी?

"धरा," म्हणून मी पोर नवऱ्याच्या हातात दिलं.

"माझ्याकडं कशाला?"

"मग गाडी मिटा."

त्यानं पोर धरलं. मी खाली बसले, बोटांनी तार उलगडली. दूध काढणाऱ्या बोटांना तारेचं काय. बटण दाबलं, पट्टा ओढला, गाडी मिटली. ती तिथल्या माणसाकडे दिली आणि थेट आत जाऊन माझ्या जागेवर बसले. पोर मागे नवऱ्याकडे राहिलं. मधे माणसं, पिशव्या, मग पट्टे बांधा म्हणून सांगणं. विमान उडालं तेव्हा माझ्या मांडीवर माझे दोन हात होते, दुसरं काही नव्हतं.

नवऱ्याच्या मांडीवर पोर थोडं रडलं, मग त्याच्या मिशा ओढत बसलं. पलीकडची बाई नवऱ्याला हिंदीत म्हणाली, "किती छान सांभाळता हो तुम्ही!" नवरा फुलला. मी ते पोर वर्षभर सांभाळत होते, मला कुणी एकदाही असं म्हटलं नव्हतं. बाप्यानं पोर धरलं की ती बातमी होते.

पण मला त्या प्रवासात एक गोष्ट समजली. गाडी ज्याच्या ताब्यात, त्याच्याकडे पोर देता येत नाही. केरळात गाडी दिवसभर उघडायची आणि मिटायची होती. मोटारीत बसताना, होडीत चढताना, देवळाच्या पायऱ्यांपाशी. दरवेळी मी पुढे व्हायचे. "अवघड आहे, तुम्हाला जमायची नाही. तुम्ही पोराला धरा." पट्टा एकदा ओढून भागत असताना मी दोनदा ओढायचे, मधे एक उसासा टाकायचे. मुलगा आणि सून आळीपाळीनं पोर घ्यायला शिकले. सून तर एकदा म्हणाली, "आई, हा आता माझ्याकडंपण राहतोय." राहणारच की. तिचंच पोर आहे ते.

नवरा मात्र बघत होता. यंत्र बघून शिकणारा माणूस. शेवटच्या दिवशी होडीतून उतरताना तो मिशीत हसला आणि हळूच म्हणाला, "एकाच वढीत मिटती की गं ही."

"बघा की मग," मी म्हटलं. पण समुद्र अजून बघायचा होता.

समुद्र संध्याकाळी आला. मुलगा आणि सून फोन घेऊन पुढे पळाले. वाळूत चार पावलं गेलो आणि बाबागाडीची चाकं रुतली. पाणी समोर दिसत होतं, आवाज येत होता, आणि गाडी जागची हलेना. नवऱ्यानं चटकन दांडा धरला.

"मी थांबतो गाडीपाशी," तो म्हणाला. "हितं कुनी उचलून न्हेली म्हंजी? तू जा त्याला घिऊन. त्याला बी दाव समुद्र."

पोरानं गाडीतून माझ्याकडे हात वर केले होते. नवरा साळसूद चेहऱ्यानं दांडा धरून उभा. माझीच युक्ती त्यानं माझ्यावर उलटवली होती. चांगली उलटवली होती, ते कबूल करायला हवं.

मी वाकले. नवऱ्याला वाटलं पोराला उचलते. मी पोराचा पट्टा नीट लागलाय ना ते बघितलं आणि पायानं मागच्या चाकाचा ब्रेक दाबला.

"गाडी सांभाळताय ना?" मी म्हटलं. "मग पोरासकट सांभाळा."

"अगं! त्यो रडंल!"

"रडला तर उचला."

चपला तिथेच काढल्या आणि चालायला लागले. मागून पोराचा सूर लागला, मग नवऱ्याचा, "अगं ए, ऐक की!" मी ऐकत होते, वळले नाही. थोड्या वेळानं पोराचा सूर थांबला. म्हणजे उचललं असणार.

वाळू ओली झाली, मग पाणी पायाला लागलं. हात मोकळे सोडून मी उभी राहिले. तेवढ्यात लाट आली आणि दोन्ही हातांनी साडी वर धरावी लागली.