बांड्याकडून भुऱ्याला आवतण

रुख्मिणीकाकूंच्या ओट्यावर संध्याकाळी पोरं जमली की आमच्या गल्लीतल्या आयांना तासभर हायसं वाटतं. मलाही वाटतं, कारण माझी हर्षाली त्यांतच असते. काकू दिवसभर वांग्या-मिरच्यांच्या वाफ्यात आणि संध्याकाळी कागदात. तेलंगणातल्या आमच्या तलमडुगुच्या आसपास कुणाचंही लग्न झालं की जुन्या पत्रिका मागायला त्या हजर. त्यांतून संक्रांतीचे पतंग निघतात, दिवाळीची शुभेच्छापत्रं निघतात. नियम एकच, पण कडक. पत्रिकेवरच्या गणपतीला कात्री लावायची नाही, त्याच्या भोवतीनं कापायचं. त्यामुळे त्यांच्या पत्र्याच्या पेटीत इतके गणपती साठलेत की त्यांचे यजमान बाबाराव पेटी उघडण्याआधी हात जोडतात.

काकू गुणी आहेत, तशा हेकटही आहेत. दुकानातला गोंद त्यांना चालत नाही. ज्वारीच्या पिठाची खळ त्या स्वतः शिजवतात आणि पोरांचे हात आठवडाभर आंबूस वासाचे होतात.

तीन वर्षांपूर्वी बाबाराव आणि त्यांचा धाकटा भाऊ उद्धवराव वेगळे झाले. विळे-कोयते वाटले ते ठीक, पण या शहाण्यांनी बैलजोडीही फोडली. बांड्या थोरल्याकडे, भुऱ्या धाकट्याकडे. वखराला दोघंही तिसऱ्याचा बैल मागून आणतात, पण एकमेकांचा नाही. घरं समोरासमोर, म्हणून दात घासतानाही एकमेकांकडे पाठ करून बसतात. या पुरुषांपुढे डोकं आपटावंसं वाटतं. हाल होतात ते काकूंचे. सासू लवकर गेली, तेव्हा या दिराला त्यांनीच लहानाचा मोठा केला. "पयली भाकर उतरवली का अजून त्याचीच याद येते, दीपमाला," असं त्या मला म्हणाल्या तेव्हा माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलाचा खांदा हळद-लोण्यानं मळतात आणि उद्या जेवायला या, असं त्याच्या कानात सांगतात. यंदा काकूंनी फर्मान काढलं, "नुसतं तोंडी आवतण काऊन द्यायचं? कार्ड देऊ."

आमची पोरं शाळेत तेलुगू शिकतात आणि मराठी नुसती बोलतात. मराठी लिहायचं म्हणजे पत्रिका समोर ठेवून अक्षरं चित्रासारखी उतरवायची. तशी ती उतरवली. गल्लीतल्या दादाजींच्या म्हाताऱ्या बैलाला 'कृपया आहेर आणू नये' अशी ताकीद गेली आणि संतोषचा तांबड्या 'चि. सौ. कां.' झाला. हर्षालीनं कार्डावर कागदाचे दोन बैल गालाला गाल लावून चिकटवले, काकूंनी वर 'बांड्याकडून भुऱ्याला' असं लिहून दिलं, आणि खाली पोरीनं पत्रिकेतली एक ओळ जशीच्या तशी उतरवली.

त्या दिवशी काकूंनी खळीत गूळ घातला. मुंग्या लागतात म्हणून पोरांना ओरडणाऱ्या याच काकू.

"चकाकी येते," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

संध्याकाळी हर्षाली कार्ड घेऊन उद्धवरावांच्या गोठ्यात गेली, मागोमाग मी. ते भुऱ्याचा खांदा मळत होते. कार्ड हातात घेऊन त्यांनी विचारलं, "कोनं पाठवलं?"

"बांड्यानं," हर्षाली म्हणाली.

उद्धवरावांचा चेहरा आंबला. "वापस नेऊन दे त्याले," म्हणून त्यांनी हात पुढे केला. हात भुऱ्याच्या तोंडाजवळून गेला. भुऱ्यानं जीभ काढली आणि कार्ड आत ओढलं. उद्धवरावांनी खेचलं, तर हातात नुसता कोपरा आला.

"आता वापस काय नेऊ? त्यानं तं घेतलं आवतण," हर्षाली म्हणाली.

कार्ड मीच खाल्लं असावं तसे ते माझ्याकडे बघत राहिले. पण आवतण घेतलेल्या बैलाला पोळ्याला घरात बांधून ठेवणं आमच्या भागात कुणाच्या बापाला जमणार नाही.

दुसऱ्या दिवशी रंगवलेल्या शिंगांचा भुऱ्या काकूंच्या अंगणात आला. उद्धवराव दोरी पुरेल तेवढे लांब, रस्त्यावरच उभे राहिले. "मी नाई आलो," ते म्हणाले, "ह्याले आवतण होतं."

काकूंनी तांब्यातल्या पाण्यानं भुऱ्याचे खूर धुतले, पुरणपोळी चारली. बांड्या त्याची मान चाटायला लागला, तो थांबेचना. बाबाराव खांबाला टेकून आढ्याकडे बघत होते. मग घसा खाकरून त्यांनी हर्षालीला विचारलं, "पोरी, त्या कार्डावर खाली काय लिवलं होतं?"

तिला अर्थ कुठे ठाऊक? तिनं पेटीतून ती जुनी पत्रिका आणली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. बाबारावांनी ती मोठ्यानं वाचली, तीन वर्षांत पहिल्यांदा भावाकडे तोंड करून.

"'सहकुटुंब सहपरिवार यावे.' भुऱ्याचं कुटुंब कोन हाय मग?"

उद्धवराव दोरी गोळा करत करत अंगणात आले आणि खाली मान घालून काकूंपुढे उभे राहिले. बैलाचे खूर धुऊन तांब्यात थोडं पाणी उरलं होतं. तेच काकूंनी त्यांच्या पायांवर ओतलं.