शेठची आखाजी

सुरतेजवळच्या सचिन गावातल्या आमच्या लूमच्या कारखान्यातून कुणाला कधी काढून टाकलं नाही. शेठ सभ्य माणूस. मंदी आली, कापड पडून राहिलं, की ते मला, म्हणजे मुकादमाला, बोलावून विचारायचे, "अल्या, तमारी आखाजी क्यारे छे?" म्हणजे, कधी आहे?

आखाजी हा आम्हा खानदेशी लोकांचा वैशाखातला सण. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. शेठना तो बाजार बसला की आठवायचा. एका वर्षी तर दिवाळी होऊन महिना झाला नाही तोच आठवला. "गावी जाऊन या, तेजी आली की निरोप धाडतो," असं मी आठ जणांना सांगितलं.

"चला रे माहेरी!" कारागीर हसले. "मुकादम, लवकर न्यायला या बरं. नाहीतर गाव म्हणेल, टाकली."

त्या आठांत गावाच्या नात्याने माझा काका होता. त्यानेच मला सुरतेला आणलं, धाग्याची तुटलेली तार सांधायला शिकवलं. मुकादमकी खरं तर त्याचीच. पण त्याला गुजराती जमेना, हिंदीही मोडकीतोडकी. मला दोन्ही जमल्या, एवढीच माझी कर्तबगारी.

होळीच्या सुमारास तेजी आली. शेठ म्हणाले, "पहिला काकाला बोलाव. त्याच्या कापडात खोट नसते."

"काका शेतीत रमलाय," मी म्हणालो. "नाही येणार."

असं का बोललो, याची कारणं मी पुढे बरीच बदलून पाहिली. कधी त्याचं वय, कधी त्याचा दमा. खरं इतकंच, की तो नव्हता त्या महिन्यांत माझी चूक ओळखणारं खात्यात कुणी नव्हतं, आणि मला ते फार मानवलं होतं.

बाकी सातांना निरोप गेले. काका वाट पाहून पाहून पावसाच्या तोंडावर स्वतःच आला. गेटवर नेमके शेठच भेटले. मी बाजूलाच उभा.

"अरे काका! तुम तो खेती में लग गये थे ना?"

काकाकडे शेत नव्हतंच. गुंठाभरही नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी गेटकडे.

"हां शेठ," तो म्हणाला. "लगा था मन. अब नहीं लगता."

"अब तो सब लूम भर गये," शेठ हळहळले. त्यांना खरंच वाईट वाटलं असावं. ते वळले तसा काका हळूच अहिराणीत म्हणाला, "कितली जमीन दिन्ही रे भो माले?"

शेठ अजून चार पावलांवर होते. हाक मारली असती तर थांबले असते, आणि एका वाक्यात काम झालं असतं. मी म्हणालो, "काका, चहा घेतोस?"

त्याने घेतला. बशीत ओतून, सावकाश. मग कामरेजकडे बांधकामावर माणसं घेतात का, ते विचारलं. कुठली बस धरायची, ते मी त्याला अगदी नीट समजावून सांगितलं.